खाडा आणि तारे

मुंबईतली पहिली कापडगिरणी ताडदेवला निघाली. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली, १८५६ साली सूत निघू लागलं. शहरातला पहिला बडा मॉलही ताडदेवलाच आला, हाजी अलीजवळचा क्रॉसरोड्स, १९९९ साली. ती जागा गिरणीची नव्हती, औषधाच्या कारखान्याची होती. तरी माझ्यासारख्या डिलाईल रोडवर वाढलेल्या बाईला हा योगायोग सोडवत नाही. नव्या नवलाईत तिथे एवढी गर्दी लोटली की काही काळ दारावर नियम लावला होता : मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेशाचे पैसे भरा. आमच्या चाळीतल्या पोरांकडे दोन्ही नव्हतं. तरी ती जायचीच. कशी, ते इथे लिहीत नाही; त्यातला एक आता सोसायटीचा सेक्रेटरी आहे. आत जाऊन विकत काही घेत नसत. सरकत्या जिन्यावरून वर-खाली करायचं आणि मग चौघांत मिळून काहीतरी एक खायचं. दुसऱ्या दिवशी नळावर त्या खाण्याचं वर्णन चाले, ते मात्र चौघांना पुरून उरेल एवढं. मॉलमधल्या जेवणाचं मी ऐकलेलं पहिलं परीक्षण ते.

आता तेच मी मानधन घेऊन करते. एका मराठी दैनिकाच्या पुरवणीत मॉलमधल्या खाण्यावर सदर लिहिते. ओळखीचे लोक नाक मुरडतात. लिहायचंच तर गल्लीतल्या जुन्या मिसळीवर लिहावं, कुठल्या तरी घराण्याच्या मसाल्यावर लिहावं असं त्यांचं म्हणणं. मिसळीवर लिहिणारे उदंड आहेत. मला उत्सुकता वेगळी आहे. लोअर परळला जिथे साचे धडधडत होते तिथे आज माणूस ट्रे घेऊन बसतो. त्याच्या आधीचा माणूस कुणाच्या हातचं खात होता, आणि नाही आवडलं तर कुणाला सांगत होता?

माझी आत्या खानावळ चालवायची, म्हणून यातलं थोडं मला घरातच कळलं. गिरणगावात रत्नागिरीहून, साताऱ्याहून, कोल्हापूरकडून आलेले पुरुष बायकामुलांना गावी ठेवून राहत. एका खोलीत दहा-पंधरा जण. निजायची जागा पाळीप्रमाणे वाटलेली, एकाने उठायचं आणि रात्रपाळीवरून आलेल्याने आडवं व्हायचं. त्या खोलीत चूल कुठे मांडणार? मग शेजारच्या चाळीतली कुणी वहिनी, कुणी मावशी पंधरा-वीस जणांना महिन्याच्या बोलीवर जेवण घालायची. नवरा गिरणीत बदली कामगार, किंवा आजारी, किंवा वारलेला. बहुतेक खानावळींची सुरुवात अशीच. भोंग्यावर सगळा दिवस बांधलेला. पहिल्या पाळीचा डबा पहाटे, दुसऱ्या पाळीची पंगत मध्यरात्र उलटल्यावर. आत्या कधी झोपायची हे मी तिला लहानपणी विचारलं होतं. "पाळी बदलते तेव्हा," म्हणाली.

घाटावरचे आणि कोकणातले सहसा एका पंगतीला नसत. कोकण्याला भात आणि माशाचं कालवण, पावसाळ्यात मासे नसले की सुकट-बोंबील. घाटावरच्याला भाकरी, झणझणीत आमटी आणि रविवारचं मटण. आत्याकडे साताऱ्याचे. पगार झाला की पैसे. मधे गावी गेलं, सणाला नातेवाइकांकडे जेवलं, तर खाडा. खाड्याचे पैसे कापायचे, आणि खाडे किती यावर दर महिन्याला वाद. आत्याला लिहिता येत नव्हतं. ती भिंतीवर कोळशाने रेघा ओढायची, प्रत्येकाची रांग वेगळी. तिसरीत गेल्यावर त्या रेघा वहीत उतरवायचं काम माझ्याकडे आलं.

जेवणावरचं मत ताटावरच सांगितलं जायचं. "वयनी, आज आमटीत डाळ हाय का नुसतंच पानी?" असं एकाने विचारलं की बाकीचे ताटात बघून हसायचे. आत्या उत्तर द्यायची नाही. पुढचे दोन दिवस त्या माणसाच्या वाटीत पळी वरवरून यायची; खाली बसलेली डाळ इतरांना. तिसऱ्या दिवशी तो म्हणायचा, "आज बेस झालीया," मग पळी पुन्हा तळाला जायची. जेवणारा बोलायचा, वाढणारी वाढण्यातून बोलायची. फारच बिनसलं तर महिना संपल्यावर माणूस खानावळ बदलायचा, आणि ते गावकऱ्यांच्या खोलीत संध्याकाळपर्यंत कळायचं. एकाच्या मागून तिघे गेले तर त्या बाईचं वाणसामान थकलं असं समजावं. म्हणून वाढणारीलाही भीती होती, आणि उद्या पुन्हा याच ताटावर बसायचंय म्हणून जेवणाऱ्यालाही.

या बायकांचे कष्ट हिशेबात कुठेच येत नव्हते. धान्य वाण्याकडून उधारीवर, उधारी फेडायला सावकार, सावकाराकडे आधी भांडी आणि मग मंगळसूत्र. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्या गोव्याच्या, तिथल्या मुक्तिलढ्यात उतरलेल्या, पुढे गिरणगावात डाव्या चळवळीत काम केलेल्या. पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीतले. राष्ट्रीयीकृत बँकांनी गरिबांना कर्ज द्यायचं धोरण कागदावर होतंच. प्रेमाताईंनी खानावळवाल्यांचे गट करून, एकमेकींना जामीन ठेवून, ते बँकेच्या काउंटरवर वठवून घेतलं. सुरुवातीला चौदा जणी होत्या. पुढे हजारोंनी आल्या. माझी आत्या बरीच नंतर गेली. "कागदावर अंगठा देऊन पैसे मिळतात आणि कुणी भांडी नेत नाही," याचं तिला मरेपर्यंत नवल होतं.

१८ जानेवारी १९८२ला कामगारनेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि गिरण्या बंद पडल्या. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. खानावळींचं काय झालं याबद्दल संपाच्या इतिहासांत थोडं सापडतं, पुष्कळसं सापडत नाही. पहिले काही आठवडे आत्याने उधारीवर जेवण घातलं. मग लोक गावी जाऊ लागले, "मिटलं की येतो वयनी" म्हणून. संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. माझ्या हस्ताक्षरातल्या वहीत त्यांची नावं आणि पुढे नुसत्या बाक्या. काहींनी वर्षा-दोन वर्षांनी मनीऑर्डर केली, बऱ्याच जणांनी नाही. पैशाबद्दल आत्या फारशी बोलली नाही. तिचं दुःख पातेल्यांचं. वीस माणसांची आमटी होईल अशी दोन पातेली होती, ती चढवायची कुणासाठी? पुढे तिने सकाळचे पोहे आणि उपीट विकलं. चाळीतल्या इतरांनी वडापावच्या गाड्या लावल्या. वडापाव त्याआधीपासून होता, दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी १९६६ साली सुरू केला असं सांगतात. पण गिरणी कामगारांची पोरं कढईपाशी उभी राहिली ती संपानंतर. गावी न गेलेल्या माणसाला महिन्याची बोली परवडत नव्हती. रोख पैसे, उभ्याने खाणं, खाड्याचा प्रश्नच नाही.

जमिनीची गोष्ट आटोपशीर सांगते, कारण ती सांगायला बसलं की जेवण राहून जातं. १९९१च्या विकास नियमावलीत गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, असं होतं. २००१ साली दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या ती वाटणीतून सुटली. म्हणजे जवळजवळ सगळीच. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. तोवर सेनापती बापट मार्गावर फिनिक्स मिलच्या आवारात दुकानं, खेळ, खाणं सुरू झालेलंच होतं. १९०५ साली स्थापन झालेली ती गिरणी. चिमणी अजून तिथे आहे, तिच्याखाली लोक फोटो काढतात.

मॉलचा शोध ज्याच्या नावावर लागतो तो व्हिक्टर ग्रूएन मूळचा व्हिएन्नाचा. नाझी आल्यावर १९३८ साली देश सोडून अमेरिकेला गेलेला ज्यू वास्तुकार. १९५६ साली मिनेसोटातल्या एडिना गावात त्याने साउथडेल बांधलं, संपूर्ण छताखालचं, बाहेर बर्फ पडत असला तरी आत फिरता येईल असं बाजारसंकुल. मधल्या चौकात कॉफी पिता येईल अशी जागा ठेवली, कारण त्याच्या डोक्यात व्हिएन्नाचे चौक होते. लोकांनी बसावं, बोलावं, जमलं तर खरेदी करावी. झालं उलटंच. सभोवार गाड्यांचं रान माजलं, आणि म्हातारपणी व्हिएन्नाला परतलेल्या ग्रूएनने ही पोरं आपली नव्हेत असं जाहीर सांगून टाकलं. मला हा माणूस आवडतो. केलेल्या गोष्टीपासून हात झटकायलाही धैर्य लागतं, जरी उशीर झाला असला तरी.

एका मोठ्या खोलीत खुर्च्या सामायिक आणि भोवती वेगवेगळ्या दुकानांच्या खिडक्या, हा फूड कोर्टाचा साचा त्यानंतरचा. टोरांटोच्या शेरवे गार्डन्समध्ये १९७१ साली तसा प्रयोग झाला; न्यू जर्सीतल्या पॅरामस पार्कमध्ये १९७४ साली तो असा चालला की मग सगळ्यांनी उचलला. यातला हिशेब समजला की आपल्याकडचं मॉलमधलं जेवण असं का लागतं हे कळतं. खाण्याची जागा बहुधा सगळ्यात वरच्या मजल्यावर. धूर छतातून काढायला सोपं, आणि भुकेल्या माणसाला वर जाताना-येताना सगळ्या दुकानांसमोरून न्यायचं. दुकानदार भाडं देतो, किंवा विक्रीतला वाटा, यांतलं जे जास्त असेल ते, असे करार सर्रास होतात. त्यामुळे जो पदार्थ पटकन हातावेगळा होतो, ट्रेवर सांडत नाही आणि दुरून चित्रात ओळखू येतो, तोच टिकतो. एक खिडकी दाक्षिणात्य, एक पंजाबी, एक चायनीज, एक चाट. पिठलं-भाकरीची खिडकी क्वचितच. भाकरी हातावर थापायला बाई लागते, आणि गरम तव्याजवळ उभ्या असलेल्या बाईला तासाला किती भाकऱ्या होतात हे त्या भाड्याच्या गणितात बसत नाही.

मग मधली काही वर्षं ती कार्डं आली. काउंटरवर पैसे भरायचे, कार्डात रक्कम टाकून घ्यायची, खिडकीवर कार्ड घासायचं, उरलेले पैसे परत घ्यायला पुन्हा रांग. पन्नास-साठ रुपयांसाठी कोण उभं राहतं? एका मॉलमध्ये मी राहिले, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, पुढच्या वेळी वापरा ना." आत्याच्या वहीत बाकी तिची असायची, इथे बाकी माझी.

परीक्षण ही जात मुळात वाटसरूंसाठी जन्मली. मिशलिन ही टायरची कंपनी. तिने १९०० साली मोटारवाल्यांसाठी पुस्तिका काढली आणि १९२६पासून चांगल्या खाणावळींना तारे द्यायला सुरुवात केली. लोक गाडी काढून लांब जातील, टायर झिजतील. अमेरिकेत डंकन हाइन्स हा फिरता विक्रेता. रोज नव्या गावात जेवायची वेळ यायची, म्हणून त्याने चांगल्या जागांच्या नोंदी ठेवल्या आणि १९३०च्या दशकात त्यांचं पुस्तक केलं. दोघांचा वाचक एकच. पुन्हा त्या ताटावर न बसणारा. त्याला "आमटीत पानी" म्हणायची सोय नाही, म्हणून त्याच्या वतीने कुणीतरी आधी जाऊन बघून यायचं. डिलाईल रोडला अशा माणसाची गरज नव्हती.

मराठीत खाण्यावर रसाळ लिहिणारे कमी झाले नाहीत. पुलंचं 'माझे खाद्यजीवन' घरोघरी वाचलं गेलं. पण ते आठवणीतल्या, आवडीच्या खाण्यावरचं लिखाण. मंगळवारी अमक्या हॉटेलात गेलो, सूप कोमट होतं, बिल इतकं झालं, असं लिहायची रीत मुंबईत मुख्यतः इंग्रजी पेपरांनी पाडली. बेहराम काँट्रॅक्टर, म्हणजे बिझीबी, हे त्यातले माझे लाडके. त्यांना इराण्याचा ब्रून-मस्का आणि पंचतारांकित भोजन यांच्याबद्दल एकाच सुरात लिहिता यायचं. तो सूर अवघड आहे. साध्या जागेबद्दल लिहिताना माणूस एकतर गहिवरतो, नाहीतर चेष्टा करतो.

आणि चेष्टेवरून मॅरिलिन हॅगर्टी आठवल्याच. नॉर्थ डकोटातलं ग्रँड फोर्क्स, पन्नास-पंचावन्न हजार वस्तीचं शहर. तिथल्या 'ग्रँड फोर्क्स हेरल्ड'मध्ये त्या वर्षानुवर्षं गावातल्या खाण्याच्या जागांवर लिहीत. मार्च २०१२मध्ये गावात नव्याने उघडलेल्या ऑलिव्ह गार्डनवर त्यांनी लिहिलं. ही अमेरिकेत मॉलांच्या आसपास हमखास दिसणारी इटालियन धाटणीची साखळी. भिंतींचा रंग कसा, बैठक कशी, वाढणारी मुलगी कशी वागली, चिकन अल्फ्रेडो किती गरम होतं, सरबत सुचवलं पण पाण्यावरच भागवलं. सरळ, नीटस, कौतुकाचं लिहिणं. हॅगर्टीबाई तेव्हा ८५ वर्षांच्या. दोन दिवसांत देशभरचे शहाणे हसायला लागले, साखळी हॉटेलाचं कुणी एवढं मनावर घेऊन परीक्षण करतं का म्हणून. शेफ आणि लेखक अँथनी बोर्डेनने त्यांच्या लिखाणाचा गठ्ठाच वाचला आणि त्याचं मत पालटलं. २०१३ साली त्याने आपल्या प्रकाशनातून त्यांच्या परीक्षणांचं पुस्तक काढलं, प्रस्तावना स्वतः लिहिली. गावातल्या लोकांनी कुठल्या साली काय खाल्लं, कोणतं हॉटेल कधी उघडलं, कधी बुडालं, याची इतकी सलग नोंद दुसरीकडे कुठून मिळणार? मला कुणी मॉलवरून टोमणा मारला की मी या बाईंचं नाव सांगते.

त्यांच्याकडून मी एक उचललं, जेवणाच्या आधी जागा लिहायची. त्याला आमच्याकडे आणखी एक कारण आहे. २९ डिसेंबर २०१७ला मध्यरात्र उलटल्यावर लोअर परळच्या कमला मिल्स आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागली. चौदा माणसं गेली. त्या काळातली गच्चीवरच्या जागांची परीक्षणं काढून वाचा : दिवे, गाणी, कॉकटेल, आकाश. खाली उतरायचा जिना किती रुंद आहे यावर ओळ सापडायची नाही. ते आपलं काम आहे असं लिहिणाऱ्याला वाटत नव्हतं, आणि वाचणाऱ्यालाही. माझ्या सदरात आता पहिल्या परिच्छेदात जिना असतो. बाहेर जायची वाट कुठे, तिथे खोकी रचलीत का, दार आतून उघडतं का. मग टेबलाची उंची, म्हातारं माणूस बसेल अशी खुर्ची आहे का, पाणी मागितल्यावर साधं मिळतं की बाटलीच पुढे येते. पाण्यावरून माझे वाद होतात. पनीर टिक्क्याबद्दल लिहायला उरलेली जागा पुरते.

चवीबद्दल माझं मत विचाराल तर मॉलमधलं जेवण वाईट नसतं. खरी अडचण ही की ते चुकत नाही. साखळी दुकानांचे रस्से बहुधा एका मध्यवर्ती स्वयंपाकघरात होतात, पिशव्यांतून येतात, इथे फक्त गरम होतात. आत्याचं तिखट दर चार दिवसांनी हाताबाहेर जायचं, आणि त्यावरून पंगतीत बोलणं व्हायचं. इथे मीठ जास्त झालं म्हणून ज्याला सांगाल त्या पोराने ते घातलेलंच नसतं. तो नम्रपणे "सॉरी मॅडम" म्हणतो आणि फोनवर तारे द्यायची विनंती करतो. पाच दिले तर त्याच्या नावापुढे ते जमा होतात. त्याने फक्त पिशवी कापलेली असते.

तो पोरगा स्वतः तिथे जेवत नाही. हे मला उशिरा सुचलं नाही, आत्याच्या भाचीच्या पहिल्याच दिवशी डोक्यात येतं : वाढणारे जेवतात कुठे? कपड्यांच्या दुकानातल्या मुली, सुरक्षारक्षक, टेबलं पुसणाऱ्या बायका, हे सगळे बदलापूर, विरार, दिव्याहून येतात. काहींचा डबा असतो. बाकीचे पाळीपाळीने मागच्या बाजूला उतरतात, जिथे ट्रकमधून माल येतो. एका मॉलच्या त्या गेटाशी एक बाई दुपारी दोन मोठे डबे घेऊन बसते. तीन पोळ्या, भाजी, वर डाळ-भात. वाढायला स्टीलच्या ताटल्या, आणि धुवायला एक बादली. पैसे क्यूआर कोडवर, पण ओळखीच्या मुलींचं पगारापर्यंत थांबतं. ते ती वहीत लिहिते. मी गेले त्या दिवशी एक रक्षक उकिडवा बसून तिला म्हणाला, "मावशी, दोडका लई झाला आता, बदला." मावशीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भात मात्र त्याला जरा कमीच वाढला.

त्या जेवणावर मी सदर लिहिलं. भाजी दोडक्याची, शेंगदाण्याचा कूट घातलेली, पोळ्या गार पण मऊ, डाळ तळापासून ढवळलेली. बाहेर जायची वाट : सगळीकडून. संपादकांचा फोन आला, पत्ता काय छापायचा? मी सांगितलं, मॉलचं मागचं गेट, दीड ते अडीच. ते म्हणाले, गेट छापलं तर उद्या पालिकेची गाडी येऊन तिला उठवेल. त्यांचं बरोबर होतं. मग पत्त्याशिवाय छापू या असं ठरलं, आणि त्यांनी वर आपल्या मनाने साडेतीन तारे टाकले. अर्धा तारा कशासाठी कापला हे अजून सांगितलेलं नाही.